अंतर तेच, वाट लांब

दिल्ली आणि वॉशिंग्टन या दोन विमानतळांमधील अंतर किती? विद्यार्थी नकाशा पाहून सुमारे १२ हजार किलोमीटर असे उत्तर देईल. भूगोलात त्याला पूर्ण गुण मिळतील. अर्थशास्त्रात मात्र हे उत्तर अपुरे ठरेल. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने ही सेवा स्थगित केली. विमानांचे नूतनीकरण हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण, पाकिस्तानचे बंद आकाश.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. या हक्काचा शस्त्रासारखा वापर नवा नाही. आपणही तो केला आहे. १९७१ च्या प्रारंभी ‘गंगा’ विमान पळवून लाहोरला नेऊन जाळण्यात आले, तेव्हा भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराची ते ढाका हे सुमारे साडेतेवीसशे किलोमीटरचे अंतर श्रीलंकेच्या वळशाने जवळजवळ दुप्पट झाले.

पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने कठोर पावले उचलली, तेव्हा २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी केली. ३० एप्रिलला भारतानेही तसेच केले. या वळशाचा खर्च केवळ जादा इंधनाचा नसतो. जादा इंधनाचा भार वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. वजन वाढले की माल किंवा प्रवासी कमी घ्यावे लागतात. वैमानिकांच्या कामाच्या तासांना मर्यादा असल्याने जादा कर्मचारी लागतात, वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावे लागते आणि त्याच विमानाच्या फेऱ्या घटतात. मुंबईच्या विमानांना अरबी समुद्र जवळ असल्याने वळसा तुलनेने कमी पडतो; खरा भार दिल्लीवर पडतो.

यात लाभ कोणाचा? पाकिस्तानचा नक्कीच नव्हे. आकाशातून जाऊ देण्याचे शुल्क बुडाल्याने ३० जूनपर्यंत आपले ४०० कोटींहून अधिक पाकिस्तानी रुपयांचे उत्पन्न गेले, असे तेथील सरकारनेच आपल्या संसदेत सांगितले. बंदी भारतीय विमानांपुरती असल्याने युरोपीय व आखाती कंपन्या मात्र सरळ वाटेने जाऊ शकत होत्या. भांडण दोघांचे, लाभ तिसऱ्याचा!

राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी किंमत मोजावी लागते, हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. प्रश्न ती कोण मोजतो, हा आहे. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचे आकाश फेब्रुवारी ते जुलै बंद होते. तेव्हा एअर इंडिया सरकारी होती. तिचा ४९१ कोटींचा तोटा संसदेत सांगितला गेला आणि त्याचा भार अखेर करदात्यांवर आला. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. आता खर्च भागविण्याचे मार्ग दोनच उरतात: भागधारकाचा नफा किंवा प्रवाशाचे भाडे. स्पर्धेमुळे सारा बोजा भाड्यावर टाकता येत नाही. जो टाकला जातो तो कर्ज काढून परदेशी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या तिकिटात निमूटपणे मिसळतो. त्याची पावती कोणी देत नाही.

संरक्षणाचा खर्च अर्थसंकल्पात दिसतो, त्यावर चर्चा होते. आकाशातल्या या वळशाचाही हिशेब तसाच संसदेपुढे यावयास हवा. त्याग डोळसपणे केला तरच तो त्याग. नकळत खिशातून गेलेल्या पैशाला ते नाव शोभत नाही.