येऊरच्या रानात कुत्रा नको

जानेवारी 2024 मध्ये नवी मुंबईतलं दिघा गाव स्थानक सुरू झालं आणि दिघेकरांना ठाणं एका स्थानकावर आलं. ठाण्याला लागूनच येऊर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडची बाजू. दिघ्यात वस्ती दाटीवाटीची, तेव्हा रविवारी घरच्या कुत्र्याला रानात मनसोक्त फिरवून आणावं असं वाटणं साहजिक आहे. तरीही उद्यानातली पाळीव प्राण्यांवरची बंदी योग्यच आहे आणि येऊरच्या बाजूनेही ती काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे. ‘आमचा कुत्रा पट्ट्याला बांधलेला असतो, कुणाच्या अंगावर जात नाही,’ असं म्हटलं जातं. पण प्रश्न चावण्याचा नाहीच. कुत्रा दर थोड्या अंतरावर बुंध्याशी पाय वर करतो. मालक त्याला घेऊन घरी परतला तरी तो वास मागे राहतो, आणि चितळ-भेकरांच्या लेखी तो शिकाऱ्याचा वास असतो. बिबट्याच्या लेखी मात्र कुत्रा हे भक्ष्य. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात कुत्र्यांचा मोठा वाटा दिसला. अशा ठिकाणी पट्ट्याचं दुसरं टोक माणसाच्या हातात असतं, लहान मुलाच्याही.

‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे,’ हा मुद्दा अधिक वजनदार आहे. पण कुत्र्यांचे रोग रानात पोहोचले की काय होतं ते बघा. 1994 मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाच्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. रोगाचा उगम आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांत असावा, असं संशोधकांनी मांडलं. 2018 मध्ये गीरमध्ये 20हून अधिक सिंह गेले, तेव्हाही काही सिंहांत हाच विषाणू सापडला. लस टोचलेल्या कुत्र्याचा धोका बराच कमी, हे मान्य. पण फाटकावरच्या वनरक्षकाने प्रत्येकाचं लसीचं कार्ड बघायचं, राहिलेला डोस शोधायचा, कानामागचे गोचीड चाचपायचे, हे होण्यासारखं नाही. राहता राहिली भटकी कुत्री आणि रानातल्या पाड्यांवरची कुत्री. पाड्यावरचा कुत्रा राखणीचा असतो. त्याला वनखात्याने फुकट लस द्यावी. भटक्यांची नसबंदी आणि वेशीवरचा उघडा कचरा ही महापालिकेची जबाबदारी. हा भार रानावर आधीच आहे, म्हणूनच हौसेखातर त्यात भर नको. कुत्रा पाळणाऱ्यांची गरज मात्र खरी आहे. तिच्यासाठी नवी मुंबई महापालिकेने दिघ्यातच कुंपण घातलेली, पाण्याची सोय असलेली मोकळी जागा द्यावी.