तुकडी मोजावी ती चौथ्या वर्षी

३० नोव्हेंबर २०२४ च्या शनिवारी कोलंबस शहरात ओहायो स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ मिशिगनकडून १३–१० असा हरला. सट्टेबाजांच्या हिशेबाने ओहायो स्टेट तीनेक टचडाउनांनी जिंकायला हवे होते. चारच दिवसांनी, बुधवारी, पुढच्या वर्षी दाखल होणाऱ्या शाळकरी खेळाडूंच्या सह्या झाल्या आणि देशातल्या सगळ्या विद्यापीठांच्या भरतीचा गुणतक्ता निघाला. त्यात ओहायो स्टेट मिशिगनच्या वर होते. शनिवारी मान खाली घालून घरी गेलेल्यांना बुधवारी बोलायला तोंड मिळाले. सामना गेला तरी येणारी पोरे आमचीच चांगली, असे ते सांगू लागले. मिशिगनवाले म्हणाले, तुमची पोरे दरवर्षीच चांगली असतात, मग जिंकतो कोण?

मला हे दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात आणि ते का, हे मांडण्यासाठी हा लेख आहे.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडी माहिती देतो. मिशिगन आणि ओहायो स्टेट १८९७ पासून एकमेकांशी खेळत आले आहेत. त्याआधी, १८३५ मध्ये, टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि तेव्हाचा मिशिगन प्रदेश एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते, म्हणजे हे वैर खेळाहूनही जुने. मिशिगनच्या मैदानात १,०७,६०१ प्रेक्षक बसतात, ओहायो स्टेटच्या मैदानातही लाखावर. कोलंबस आणि डेट्रॉइट परिसरातल्या अनेक मराठी घरांतली मुले याच दोन विद्यापीठांत शिकतात, आणि नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार आला की आईबापांनाही बाजू घ्यावी लागते. विद्यापीठाला खेळाडू लिलावात मिळत नाहीत. प्रशिक्षक सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या घरी जातात, आईवडिलांशी बोलतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. भरतीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्था त्या मुलांना दोनपासून पाचपर्यंत तारे देतात. २४७स्पोर्ट्स या संस्थेच्या यादीत पाच ताऱ्यांची मुले दरवर्षी बत्तीसच्या आसपास असतात, कारण व्यावसायिक एनएफएलच्या पहिल्या फेरीत तेवढेच खेळाडू निवडले जातात. मुलांच्या गुणांवरून त्या वर्षीच्या तुकडीचा क्रमांक लागतो, आणि दोन वैऱ्यांच्या तुकड्या शेजारी ठेवून वर्षभर वाद चालतो.

आता पूर्वपक्ष. तो लंगडा करून मांडणे बरे नाही, म्हणून त्याच्या पूर्ण जोरासह मांडतो. तक्त्यावर विश्वास ठेवणारे म्हणतात की मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. प्रशिक्षक निक सेबन यांच्या अलाबामाने २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे देशातली पहिल्या क्रमांकाची तुकडी भरली आणि त्यांच्या कारकिर्दीत अलाबामाने सहा राष्ट्रीय विजेतेपदे घेतली. ओहायो स्टेटने २०१२ ते २०१९ मिशिगनला सलग आठदा हरवले, आणि त्या काळात बहुतेक वर्षी भरतीतही तेच पुढे होते. ज्याच्याकडे धान्य चांगले त्याची भाकरी चांगली, असा हा सरळ युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे. ते मी पुढे मान्यच करणार आहे.

पण आधी तक्त्याची आकडेमोड पाहू. २०१९ च्या भरतीत मिशिगन आठवे आले आणि ओहायो स्टेट चौदावे. मिशिगनवाल्यांनी तेव्हा आनंद साजरा केला. वस्तुस्थिती अशी की प्रशिक्षक अर्बन मायर निवृत्त होऊन त्यांच्या जागी रायन डे आले होते आणि ओहायो स्टेटने त्या वर्षी फक्त १७ मुले घेतली. तक्ता गुणांची बेरीज करतो, त्यामुळे जास्त मुले घेणारा वर गेला. मुलामागची सरासरी काढली तर ओहायो स्टेटच पुढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी मिशिगनच्या गावी, अॅन आर्बरला, जाऊन मिशिगनचा ५६–२७ असा पराभव केला. म्हणजे तक्ता खोटा, असे म्हणून कोणी थांबेल, पण तेही घाईचे. मिशिगनच्या त्या २०१९ च्या तुकडीत माइक सेनरिस्टिल नावाचा तीन ताऱ्यांचा मुलगा होता. चेंडू झेलणारा रिसीव्हर म्हणून तो आला. २०२२ मध्ये, चौथ्या वर्षी, त्याला बचावफळीत हलवले. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात वॉशिंग्टनचा पास मधेच पकडून तो ८१ यार्ड धावला आणि मिशिगनचा विजय पक्का झाला. त्या तुकडीने पहिल्या वर्षी मार खाल्ला आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी ओहायो स्टेटला हरवले. २०१९ च्या फेब्रुवारीत तिच्याविषयी जे काही बोलले गेले, स्तुती आणि टीका दोन्ही, त्यातले काहीच उपयोगाचे ठरले नाही.

तक्त्याच्या भक्तांना मी टेक्सास ए अँड एमचे उदाहरण पुन्हा पुन्हा देतो, कारण त्यावर त्यांचे उत्तर मी अजून ऐकलेले नाही. २०२२ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर यांनी भरलेली तुकडी २४७स्पोर्ट्सच्या नोंदीतली आजवरची सर्वांत वरची ठरली. शेजारचे वैरी टेक्सास विद्यापीठ त्या वर्षी मागे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात ए अँड एम आपल्याच मैदानावर अॅपलेशियन स्टेटसारख्या संघाकडून १७–१४ हरले आणि मोसम पाच विजय, सात पराभव असा संपला. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशर यांना काढले. करारातली उरलेली रक्कम साडेसात कोटी डॉलरांच्या वर होती. ती तुकडी पांगली. वॉल्टर नोलन ओल मिसला गेला, इव्हान स्टुअर्ट ऑरेगनला, एल. टी. ओव्हरटन अलाबामाला. २०११ नंतर खंडित झालेला टेक्सासशी सामना नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा झाला तेव्हा टेक्सासने ए अँड एमच्या घरी येऊन १७–७ ने विजय मिळवला.

मात्र तारे वाटणाऱ्यांनी मुले ओळखण्यात चूक केली होती का? नाही. २०२५ च्या एनएफएल निवडीत सोळावा घेतला गेला तो वॉल्टर नोलन आणि लगेच सतरावा घेतला गेला तो शेमार स्टुअर्ट. दोघेही ए अँड एमच्या त्याच २०२२ च्या तुकडीतले. एक टिकला, एक निघून गेला. मुलांची पारख बरोबर होती आणि संघाबद्दलचा निष्कर्ष चूक होता. तक्त्याची चूक नेमकी इथे आहे: तो मुलाबद्दल जे सांगतो ते लोक संघाबद्दल सांगितले असे समजतात.

दुसरा पूर्वपक्ष याच्या नेमका उलट आहे आणि मिशिगनच्या बाजूला तो फार प्रिय आहे. तो म्हणतो, तारे म्हणजे थोतांड, आम्ही तीन ताऱ्यांच्या पोरांवर जिंकतो. २०२१ च्या सामन्यात हसन हॅस्किन्सने एकट्याने पाच टचडाउन केले, तो तीन ताऱ्यांचा होता. सेनरिस्टिल तीन ताऱ्यांचा. २०२३ च्या सामन्यात ३०–२४ अशी आघाडी असताना, २५ सेकंद उरले असताना, ओहायो स्टेटचा शेवटचा पास पकडून सामना संपवणारा रॉड मूर तीन ताऱ्यांचा, आणि तोही मूळचा ओहायोचाच मुलगा. ही यादी ऐकायला फार गोड लागते आणि ती खरी आहे, पण ती अर्धीच आहे. मिशिगनचाच जे. जे. मॅकार्थी पाच ताऱ्यांचा होता. विल जॉन्सन पाच ताऱ्यांचा होता. मिशिगनच्या विजेत्या संघात चार आणि पाच ताऱ्यांनी भरती झालेले खेळाडू निम्म्याहून जास्त होते. गरीब घरच्या पोरांनी श्रीमंताला धूळ चारली ही गोष्ट मिशिगनला शोभत नाही. ते श्रीमंतच होते, फक्त शेजारी त्यांच्याहून श्रीमंत होता. तीन ताऱ्यांची काही मुले मोठी झाली यावरून तारे व्यर्थ ठरत नाहीत. तीन ताऱ्यांची मुले संख्येने कितीतरी जास्त असतात, त्यातली काही मोठी होणारच.

एक तिसरे म्हणणे आहे, की मिशिगनचे हे विजय प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून मिळवलेले आहेत, म्हणून त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ते प्रकरण खरे आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएने मिशिगनला मोठा दंडही केला. मी त्याचे समर्थन करणार नाही. परंतु ज्याच्याभोवती ते प्रकरण उभे होते तो कर्मचारी ३ नोव्हेंबर २०२३ रोजी राजीनामा देऊन गेला. त्यानंतरचा ओहायो स्टेटचा सामना मिशिगनने मुख्य प्रशिक्षक निलंबित असताना जिंकला, आणि पुढच्या वर्षीचाही जिंकला. त्यामुळे या युक्तिवादाला मी यापेक्षा जास्त जागा देत नाही.

आता माझा पक्ष. दोन वैऱ्यांच्या तुकड्यांची तुलना जरूर करावी, पण ती सह्यांच्या दिवशी करू नये. तो दिवस म्हणजे बाजारात तुरी आणि घरात भांडण. तुलना चौथ्या वर्षी करावी, आणि ती करताना तीन गोष्टी विचाराव्यात: कोण राहिले, कोण वाढले, आणि वैऱ्यासमोर काय झाले.

या कसोटीवर ओहायो स्टेट आणि मिशिगनच्या २०२१ च्या तुकड्या घासून पाहू. भरतीच्या वेळी ओहायो स्टेटची तुकडी देशात दुसरी होती; मिशिगनची पहिल्या दहातही नव्हती. ओहायो स्टेटने पाच ताऱ्यांचे दोन क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारे खेळाडू, घेतले होते. क्विन युअर्स शाळेचे शेवटचे वर्ष सोडून आला होता आणि त्याचा गुण पूर्ण, म्हणजे १.००००, होता. काइल मॅकॉर्ड फिलाडेल्फियाच्या शाळेतून आला होता. युअर्स एका मोसमानंतर टेक्सासला गेला. कोलंबसमध्ये त्याने एकही पास फेकला नाही. रॉड मूरने पकडलेला तो पास मॅकॉर्डचा होता. त्या सामन्यानंतर तो सिराक्यूजला गेला आणि तिथे एका मोसमात ४,७७९ यार्ड फेकून दाखवले. म्हणजे त्याच्याबद्दलही तारे खोटे नव्हते. २०२१ चे पाच तारे आणि २०२१ चे तीन तारे एकाच चेंडूवर समोरासमोर आले आणि तीन तारे जिंकले, ही त्या वर्षीची गोष्ट. ती मिशिगनवाले सांगतात आणि तिथेच थांबतात.

थांबू नये. त्याच तुकडीतले जॅक सॉयर, जे. टी. टुइमोलोआऊ, एमेका एगबुका, ट्रेव्हियन हेंडरसन हे पाच ताऱ्यांचे चौघे २०२३ नंतर एनएफएलकडे जाऊ शकत होते. ते राहिले. १० जानेवारी २०२५ ला उपांत्य फेरीत टेक्सासशी गाठ पडली. ओहायो स्टेट २१–१४ पुढे होते, टेक्सास आठ यार्डांवर, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि शेवटची दोन-तीन मिनिटे. चेंडू होता युअर्सच्या हातात. कोलंबसमध्ये त्याच्याच खोलीत राहिलेल्या सॉयरने त्याच्या हातून तो उडवला, स्वतः उचलला आणि ८३ यार्ड पळत नेला. दहा दिवसांनी नोत्र दामला ३४–२३ हरवून ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेते झाले. क्वार्टरबॅक होता विल हॉवर्ड, कॅन्सस स्टेटहून आलेला, शाळेतून निघताना तीन ताऱ्यांचा.

या एका खेळीत माझा सगळा युक्तिवाद आहे. तुकडीतला सर्वांत वरचा मुलगा समोरच्या संघात होता आणि राहिलेल्या मुलाने त्याला पाडले. भरतीच्या तक्त्यात दोघांचे गुण ओहायो स्टेटच्या एकाच बेरजेत होते.

यावर कोणी म्हणेल की आता तुकडी हा शब्दच निरर्थक झाला. एप्रिल २०२१ पासून खेळाडू विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो, १ जुलै २०२१ पासून नावावर पैसे मिळवू शकतो, आणि २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना वाटू शकतात. हॉवर्डच नव्हे, क्विन्शॉन जडकिन्स आणि कॅलेब डाउन्सही बाहेरून आले. खरे आहे, आणि बाहेरून आलेल्यांशिवाय ते विजेतेपद मिळाले नसते. पण यातून निघते काय? सह्यांच्या दिवसाचा आकडा आणखी हलका झाला आणि राहणाऱ्या मुलाची किंमत आणखी वाढली. माझे म्हणणे याने पडत नाही, उलट घट्ट होते.

शेवटी ज्यांच्यामुळे मी हा विषय हाती घेतला त्यांच्याविषयी. सतरा वर्षांच्या मुलावर आपण दशांश चिन्हापुढे चार आकडी गुण चिकटवतो आणि तो गुण त्याच्या नावाआधी पोहोचतो. तीन तारे मिळालेला मुलगा रोज ते पुसायला झटतो. पूर्ण गुण मिळालेला मुलगा कुठेही हरला तरी त्याला फसवणूक ठरवले जाते. ओहायोतला आणि मिशिगनमधला जो वाचक दर डिसेंबरला हा तक्ता उघडतो, त्याला माझी विनंती आहे: नावे लिहून ठेवा, आकडे वाचा, आणि वाद चार वर्षांनी घाला.

१९३४ पासून मिशिगनला हरवणाऱ्या ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची छोटी पँट, गळ्यात घालण्यासारखे पदक, मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अॅन आर्बरला २७–९ जिंकणाऱ्यांना ती मिळाली. सॉयर, टुइमोलोआऊ, एगबुका आणि हेंडरसन तोवर निघून गेले होते. चार वर्षांत चार पराभव. त्यांच्याकडे राष्ट्रीय विजेतेपदाची अंगठी आहे, सोन्याची पँट एकही नाही.