‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’

काही शब्द असे असतात की ते कानी पडताच माणसाच्या कपाळाला आठी पडते. सकाळच्या एस. टी.ने एरंडोलच्या बाजारात उतरणाऱ्या शेतकऱ्याला किंवा शेतमजूर स्त्रीला असे शब्द कोणते म्हणून विचारले, तर यादी तोंडपाठ असेल. ‘उद्या या’, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘वरून अजून आलेले नाही’, ‘बघू’, आणि अलीकडे त्यांत भर पडलेले ‘सर्व्हर डाऊन आहे’. ही यादी एका गावाची किंवा एका कचेरीची नव्हे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी ती थोड्याफार फरकाने हीच निघेल. सुशिक्षित मंडळीही शब्दांवर चिडतात. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर, इंग्रजीच्या भेसळीवर त्यांचा राग असतो. तो राग खोटा नाही, पण तो अभिरुचीचा आहे. ‘उद्या या’ या दोन शब्दांत ज्याची एका दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे बुडते, त्याचा राग पोटाचा आहे.

तोंडी उत्तरांपेक्षाही अधिक बेमालूम असते ते लेखी उत्तर: ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि त्यातच त्याची खुबी आहे. कार्यवाही कोण करणार? वाक्यात कर्ता नाही. केव्हा करणार? ‘येईल’ या भविष्यकाळाला तारीख नाही. कोणती करणार? ‘योग्य ती’, म्हणजे योग्य काय हे ठरविण्याचा अधिकारही उत्तर देणाराकडेच राहिला. अर्जदाराच्या हाती एक कागद पडतो, पण त्या कागदावर बोट ठेवून जाब विचारावा असे एकही अक्षर त्यात नसते. ‘प्रकरण विचाराधीन आहे’, ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करण्यात आले आहे’ ही सर्व वाक्ये याच कुळातली. त्यांत क्रिया आहे, कर्म आहे. करणारा माणूस तेवढा नाही. लोकांना या वाक्यांचा जो वीट येतो तो त्यांच्या संस्कृतप्रचुरतेचा नव्हे. समोर कोणीतरी बसलेले आहे आणि तरीही जबाबदार कोणीच नाही, या अनुभवाचा तो वीट आहे.

मराठी ही राज्यकारभाराची भाषा व्हावी, ही मागणी कशासाठी होती याची या ठिकाणी आठवण करणे आवश्यक आहे. १९६० साली राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश सिद्ध झाले. इंग्रजीच्या पडद्याआड चालणारा कारभार सामान्य माणसाला कळावा आणि कळल्यावर त्याला त्यात बोलता यावे, हा या खटाटोपामागचा हेतू होता. लिपी बदलली, शब्द बदलले. पडदा मात्र बऱ्याच अंशी तसाच राहिला. एरंडोल हे एके काळी हातकागदासाठी नावाजलेले गाव. जाडाभरडा देशी कागद येथे तयार होत असे, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांत आहे. कागद बनविणाऱ्या गावालाच कागदावरचे मराठी वाचून घेण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागावे, हा दैवदुर्विलास म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कळणार नाही अशी भाषा टिकून राहते, कारण तिच्यावाचून ज्यांचे चालत नाही असे मध्यस्थ प्रत्येक तालुक्याला आहेत.

परंतु दोष केवळ खिडकीपलीकडच्या भाषेचा नाही. खिडकीअलीकडे उभा असलेला माणूसही ‘तरी मेहेरबान होऊन अर्ज मंजूर करावा ही नम्र विनंती’ असेच लिहितो, कारण अर्ज असाच लिहायचा असतो असे त्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. मेहेरबानी मागणाराला मेहेरबानीच मिळते, आणि तीही देणाराच्या सवडीने. या जुन्या शब्दाचा नवा भाऊ म्हणजे ‘लाभार्थी’. १९७२ च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या रोजगार हमीला १९७७ साली महाराष्ट्राने कायद्याचे रूप दिले, तेव्हा काम मागणारा माणूस लाभार्थी नव्हता. तो हक्कदार होता. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता देण्याचे बंधन सरकारवर होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानेही धान्य हा हक्क मानला. असे असता त्या धान्याला ‘फुकटचे धान्य’ म्हणणे आणि ते घेणाऱ्या विधवेला ‘लाभार्थी’ म्हणून रांगेत उभे करणे, याने कायद्याने दिलेला मान शब्दाने काढून घेतला जातो. ‘बळीराजा’ या शब्दाचीही अशीच विटंबना झाली आहे. जोतीराव फुल्यांनी बळीला न्यायी राज्याचे प्रतीक म्हणून उभे केले. आज कापसाचा भाव पडला की व्यासपीठावरून हाच शब्द सांत्वनासाठी वापरला जातो. ज्याला राजा म्हणायचे त्यालाच भावासाठी हात पसरायला लावायचे, हे ऐकून खानदेशातला शेतकरी चिडला तर नवल कसले?

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ‘आमच्या हातात काही नाही’ असे म्हणणारा कारकून पुष्कळदा खरेच बोलत असतो. जागा रिकाम्या, कामाचा ढीग मोठा, निर्णय वरचा आणि शिव्या मात्र याला, अशी त्याची अवस्था असते. तोही नोकरदारच आहे. त्याच्या अंगावर ओरडून आलेला माणूस राग मोकळा करून घरी परततो. व्यवस्था होती तेथेच राहते. म्हणून राग माणसावर न काढता वाक्यावर काढला पाहिजे, म्हणजेच त्या वाक्यात गाळलेला कर्ता भरून घेतला पाहिजे.

त्याची साधने उपलब्ध आहेत. महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमात, ज्याला लोक ‘दप्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणतात त्यात, सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये असे बंधन आहे. त्याच वर्षीच्या केंद्राच्या माहिती अधिकार कायद्यानुसार तीस दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे अर्जाची पोच द्यावी लागते, अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवावे लागते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. हे तिन्ही कायदे मुळात तीन प्रश्न आहेत: कोण? केव्हापर्यंत? कोणत्या नियमाने? ‘उद्या या’ याला उत्तर म्हणून हे तीन प्रश्न शांतपणे आणि लेखी विचारले, तर त्या दोन शब्दांची मिजास पुष्कळ उतरते.

हे प्रश्न विचारण्याचे धैर्य मात्र भाषेच्याच पायरीवर खचते. घरात आणि वावरात अहिराणी बोलणारा माणूस कचेरीत ‘आमना’, ‘तुमना’ म्हणून गेला की कोणीतरी हसते, कोणी ‘शुद्ध बोला’ म्हणून बजावते. खानदेशच्या मातीने ज्या बहिणाबाई चौधरींना घडविले, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि तरी त्यांच्या बोलीतली गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने निघताच अवघा महाराष्ट्र थक्क झाला. बोलीचा गौरव करण्यासाठी समारंभ होतात. त्याच बोलीत कोणी रेशनकार्डाची चौकशी केली की ती अशुद्ध ठरते. जे शब्द ऐकून लोक सर्वांत जास्त दुखावतात, त्यांत ‘शुद्ध बोला’ यांचा क्रम वरचा आहे.

शेवटी कार्यकर्त्यांनी स्वतःच्या शब्दांकडेही पाहावे. ‘तळागाळातील जनता’, ‘समाजाचा शेवटचा घटक’ हे शब्द भाषणांत सहज येतात. समोर बसलेल्या माणसाला आपण ‘गाळ’ आहोत हे दर सभेत ऐकून काय वाटत असेल? मोर्चाची बातमी लिहिताना ‘निवेदन देण्यात आले’, ‘तीव्र निषेध नोंदविण्यात आला’ असे लिहिले जाते. तेथेही कर्ता नाही, तारीख नाही, आणि निवेदनाचे पुढे काय झाले याचा पत्ता नाही. कचेरीचे वाक्य आणि चळवळीचे वाक्य एकाच साच्यातून निघू लागले, की लोकांना दोहोंचाही सारखाच कंटाळा येतो, आणि तो दोष लोकांचा नसतो.

प्रत्येक गावातल्या दोघा-तिघा कार्यकर्त्यांनी बाजाराच्या दिवशी दोन तास बसून लोकांचे अर्ज लिहून द्यावेत, एवढे काम अवघड नाही. त्या अर्जात ‘मेहेरबान’ नसावे, ‘मागणी’ असावी. पोच घेतल्याखेरीज माणूस खिडकीवरून हलू नये. आणि पुढच्या बाजाराला तोच अर्ज काढून ‘कोणाकडे आहे?’ एवढे विचारावे. अर्ज लिहिताना अर्जदाराने सांगितलेले त्याच्या बोलीत ऐकून घ्यावे आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे. ज्या दिवशी उत्तराच्या कागदावर ‘करण्यात येईल’ याऐवजी एक नाव आणि एक तारीख येईल, त्या दिवशी राज्यकारभार मराठीत सुरू झाला असे म्हणता येईल.