असईच्या पराभवाची सोयीस्कर मीमांसा

गेल्या महिन्यात जालन्यात एका विद्वान वक्त्यांचे व्याख्यान ऐकण्याचा योग आला. विषय होता असईची लढाई. वक्त्यांचा निष्कर्ष असा की, मराठ्यांनी गनिमी कावा टाकला, फिरंग्यांची कवायत उचलली, आणि म्हणून ते बुडाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु हा सिद्धांत मूळचा कोणाचा, हा प्रश्न एकाही श्रोत्याने विचारला नाही. तो आहे मराठ्यांना जिंकणाऱ्या इंग्रज सेनाधिकाऱ्यांचा. शत्रूने लिहिलेला आपला मृत्युलेख आपण दोनशे वर्षे स्वाभिमानाने वाचून दाखवीत आहोत! दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी कबूल केले पाहिजे की, आम्हीही कित्येक वर्षे वर्गात हेच शिकविले.

असई हे गाव काही परमुलुखात नाही. आपल्याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई ह्या नद्यांच्या बेचक्यात ते वसले आहे. २१ सप्टेंबर १८०३ रोजी बदनापूरला वेलस्ली व स्टीव्हन्सन ह्यांची भेट झाली आणि भोकरदनच्या रोखाने दोन निरनिराळ्या वाटांनी जाण्याचे ठरले. २३ तारखेस दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले ह्यांच्या फौजेशी एकट्या वेलस्लीचीच गाठ पडली. नदीचा उतार शोधून त्याने बगलेवर चाल केली. तेव्हा पोलमनच्या हुकमतीखालील शिंद्यांच्या कवायती पायदळाने तोंड फिरवून नवी फळी अशा शिताफीने उभी केली की, तो चकित झाला. प्रत्यक्ष झुंजीत उतरलेल्या त्याच्या फौजेचा सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे १,५०० हून अधिक माणसे, ठार वा जखमी झाली. आणि ह्यातील फार मोठी हानी शिंद्यांच्या तोफांनी केली. त्याच वेळी ज्यांना गनिमी काव्याचे वारस म्हणावे, ते हजारो घोडेस्वार बहुतांशी बघेच राहिले. लढले ते कवायती. लढले नाहीत ते जुन्या पद्धतीचे. मग पराभवाचे खापर कवायतीच्या माथी कोणत्या न्यायाने फोडावयाचे? १७६० मध्ये उदगीरला निजामास नमविताना ह्याच मराठ्यांच्या पदरी इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ व तोफखाना होता, हे वक्त्यांस ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

ह्या समजुतीची खरी झाडाझडती रँडॉल्फ कूपर ह्या संशोधकाने इंग्रज-मराठे मोहिमांवरील आपल्या ग्रंथात घेतली. केंब्रिज विद्यापीठाने तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मराठ्यांचा तोफखाना व पायदळ इंग्रजांपेक्षा मागासलेले नव्हते, आणि ती सर्वस्वी युरोपीयांची देणगीही नव्हती. खरा झगडा होता तो हिंदुस्थानातील लष्करी बाजारावर ताबा कोणाचा ह्याबद्दलचा. शिपाई, अधिकारी, रसद आणि कर्ज कोणास मिळणार ह्याचा. १८०३ मध्ये कंपनी सरकारने शिंद्यांच्या नोकरीतील युरोपीय अधिकाऱ्यांना फोडण्यासाठी जाहीरनामे काढले. शिंद्यांचा उत्तरेकडील सेनापती पेराँ सप्टेंबरातच इंग्रजांच्या आश्रयास गेला. पोलमनही पुढे कंपनीच्याच चाकरीत शिरला. विल्यम डॅलरिंपल ह्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द अनार्की’ ह्या ग्रंथात हेच सूत्र अधिक विस्ताराने मांडले: एतद्देशीय सावकारांच्या पैशावर एका व्यापारी कंपनीने देश घेतला.

येथे दुसरा धोका उभा राहतो, आणि तो पहिल्याहून गोड आहे. ‘आम्ही हरलो नाही, आम्हांस पैशाने फोडले’ असे म्हणून ह्या ग्रंथांची उशी करून निजण्याचा मोह अनेकांस होईल. त्यांस आमचा सवाल आहे: फुटणारे अधिकारी पदरी ठेवले कोणी? २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याच्या वेशीवर शिंदे आणि होळकर एकमेकांचे रक्त सांडीत होते. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला बाजीरावाने वसईस तहावर सही केली. पुढल्या साली असईत शिंदे लढले तेव्हा होळकर स्वस्थ बसले. आणि १८०४ मध्ये होळकर लढावयास उठले तेव्हा शिंदे तह करून मोकळे झाले होते. हा हिशेब कंपनीच्या खजिन्यात सापडणार नाही. तो आपल्याच घरचा आहे. शिवाय कूपर ह्यांचा मुख्य आधार इंग्रजी दप्तरांचा. मराठी बाजू सांगणाऱ्या मोडी कागदांचे हजारो रुमाल पुण्याच्या पेशवे दप्तरात पडले आहेत. ते कूपर ह्यांनी का वाचले नाहीत, हे विचारण्यापूर्वी आपण का वाचले नाहीत, ह्याचे उत्तर द्यावे लागेल.

ज्या २००३ साली कूपर ह्यांचा ग्रंथ निघाला, त्याच वर्षी जेम्स लेन ह्यांचे शिवचरित्रावरील पुस्तक निघाले. त्यातील मजकुराने मने दुखावली आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पिढ्यान्‌पिढ्यांनी जपलेल्या पोथ्या व ग्रंथ ह्यांची नासधूस झाली. आक्षेपार्ह मजकुराचा निषेध करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. परंतु तो लेखणीने, पुराव्याने. नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी ग्रँट डफचे दोष विद्यार्थिदशेत दाखविले. राजवाड्यांनी त्याच डफच्या उणिवा भरून काढण्यासाठी गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळली. ग्रंथास उत्तर ग्रंथाने देण्याची ही आपली परंपरा. आज मात्र एक पुस्तक आपण न वाचता धिक्कारतो, आणि जे आपल्या पराभवाचा अर्थच पालटते ते न वाचताच सोडून देतो. आमच्या परिचयातील इतिहासाच्या अध्यापकांपैकी कूपर ह्यांचा ग्रंथ वाचलेले दहाही निघणार नाहीत. रोष आणि उदासीनता ही दोन्ही एकाच आळसाची अपत्ये आहेत.

आमची सूचना साधी आहे. जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने मोडी शिकविण्याची सोय करावी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांस वर्षातून एकदा असईच्या शिवारात न्यावे. आणि तेथे उभे राहून वेलस्ली, कूपर आणि आमचे वक्ते ह्या तिघांचेही म्हणणे त्यांस तपासू द्यावे. विद्यार्थी तिघांशीही असहमत झाले, तर आम्हांस आनंदच होईल. फक्त त्यांच्या हाती कागद असावा.