दीन एक, पण दस्तूर वेगळे

कोकणचा आंबा, नाशिकचा कांदा, भिवंडीचे कापड यांच्या व्यवहारासाठी आमचे अनेक व्यापारी बंधू दुबईला आणि सौदी अरबस्तानात जातात. चीनला किंवा युरोपला जायचे झाले की हीच मंडळी दहा ठिकाणी चौकशी करतात. आखातात जाताना मात्र कोणी काही विचारत नाही. ‘अजान ऐकू येते, खाणे हलाल आहे, आपलीच माणसे आहेत, मग काळजी कसली?’ हा गैरसमज महागात पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साधी सुट्टीची गोष्ट घ्या. शुक्रवार धरून लोक तिकीट काढतात. सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे. संयुक्त अरब अमिरातीत मात्र १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्या शुक्रवारी अर्धा दिवस चालतात आणि शनिवार-रविवार बंद असतात. शारजात तर शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी. हे माहीत नसेल तर गुरुवारी रात्री उतरलेला माणूस हॉटेलचे भाडे भरत सोमवारची वाट पाहत बसतो.

सामानाचा प्रश्न याहून गंभीर आहे. आपल्या घरच्या मसाल्यात खसखस असते. खसखस अफूच्या बोंडातून निघते म्हणून अमिरातीत आणि सौदीत तिला बंदी आहे. आईने मायेने बांधून दिलेली पुडी मुलाला तुरुंग दाखवू शकते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचेही तसेच. डॉक्टरची चिठ्ठी तर हवीच, शिवाय तेथील आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी. शेजाऱ्याने ‘एवढे पोहोचवा’ म्हणून दिलेले बंद पुडके तर हातीही धरू नये.

काही जण व्यापाराबरोबर गावच्या मदरशाचे पावतीपुस्तकही नेतात. नियत नेक असते, यात शंका नाही; पण अमिरातीत परवान्याशिवाय चंदा गोळा करणे हा गुन्हा आहे. नेक नियत कायद्यापुढे पुरावा ठरत नाही.

आता बैठकीचा रिवाज. पहिल्यांदा एका अरब व्यापाऱ्याकडे गेलो तेव्हा आम्ही बसताच दरपत्रक पुढे केले. त्यांनी ते बाजूला ठेवून आमची खुशाली विचारली आणि कहवा मागवला. नकार देणे बरे दिसणार नाही म्हणून आम्ही फिंजानमागून फिंजान रिचवत राहिलो. पुरे झाले की रिकामा फिंजान हातात किंचित हलवून परत द्यायचा, हे शेजारी बसलेल्या मल्याळी मुनीमजींनी हळूच सांगितले तेव्हा कुठे सुटका झाली! फिंजान उजव्या हातानेच घ्यावा. पायाचा तळवा समोरच्याकडे करून बसू नये. मुलाबाळांची, घराची खुशाली जरूर विचारावी. पत्नीची नावानिशी चौकशी करू नये. परवानगीशिवाय कोणाचा, विशेषतः स्त्रियांचा, फोटो काढू नये.

शेवटची आणि महत्त्वाची बाब म्हणजे ‘इन्शाअल्लाह’. हा शब्द ऐकला की आमचे बंधू सौदा पक्का समजतात आणि गावी फोन करून माल भरायला सांगतात. बोलणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ ‘होय’, ‘पाहू’ किंवा सौम्य ‘नाही’ यांपैकी काहीही असू शकतो. त्यात फसवणूक नाही; तो बोलण्याचा अदब आहे. सौदा मात्र कागदावर हवा. दर, वजन, प्रत, पैशाची मुदत सारे लिहून, सही घेऊनच माल हलवावा. ‘आपल्याच माणसाकडे कागद काय मागायचा?’ असा संकोच करणाऱ्यांनी सूरह बकरा उघडावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम तेथे ईमानवाल्यांनाच दिलेला आहे.

परदेशात एकाची चूक साऱ्या गावाच्या नावावर जमा होते. म्हणून निघण्यापूर्वी पासपोर्टइतकीच काळजी माहितीची घ्यावी. तेथले लोक आपले भाऊ आहेत, हे खरेच. पण भावाच्या घरी गेल्यावरही त्या घरचे नियम पाळावेच लागतात.