चित्रपटाची प्रत आणि विनोदाची संहिता

साहित्याच्या अभ्यासात प्रतीचा प्रश्न कधीच गौण मानला गेलेला नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठाचे शुद्धीकरण केले, ते लेखकपरंपरेत शिरलेल्या अपपाठांची जाणीव झाल्यामुळेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या प्रदीर्घ काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामागेही हीच जाणीव होती. परंतु चित्रपटाचा विषय निघाला की हाच अभ्यासक आपली शिस्त बाजूला ठेवतो. बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) आपण पुन्हा पाहिला, एवढेच तो सांगतो. कोणत्या प्रतीत पाहिला, ती किती लांबीची होती, कोणत्या गतीने दाखवली गेली, याविषयी तो मौन पाळतो. जणू चित्रपट ही प्रतींच्या पलीकडे कुठेतरी अविकृत राहणारी वस्तू आहे.

या मौनाची सर्वाधिक झळ जुन्या कृतिप्रधान विनोदी चित्रपटांना बसली आहे. शोकनाट्याची प्रत जीर्ण झाली, तरी कथेचा आशय बऱ्याच अंशी शिल्लक राहतो. धावणे, पडणे, निसटणे यांतून जन्मणारा विनोद मात्र शरीर, अवकाश आणि काळ यांच्या नेमक्या प्रमाणावर उभा असतो. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मधील वादळाचा प्रसंग येथे आठवावा. घराची संपूर्ण दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि तिच्यातील उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्यावरून जाते. तो जागच्या जागी उभा राहतो. अखंड भिंत आणि आपादमस्तक माणूस एकाच चौकटीत, मध्ये कुठेही न तुटता दिसतात, म्हणून प्रेक्षकाचा श्वास अडकतो आणि दुसऱ्याच क्षणी त्याला हसू फुटते. आता ध्वनिपटांच्या काळातील प्रतींचा विचार करावा. ध्वनिपट्टीसाठी फिल्मच्या एका कडेला जागा राखावी लागते. पूर्ण चौकटीत चित्रित झालेला मूकपट काळजी न घेता अशा फिल्मवर उतरवला, तर त्याच बाजूची चित्राची पट्टी कापली जाते. ज्याची रचना चौकटीच्या कडांपर्यंत मोजून केलेली असते, त्या दिग्दर्शकाच्या बाबतीत ही हानी ओवीतला एखादा चरण गळण्यासारखी आहे.

गतीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. मूकपटांच्या काळात कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई आणि चित्रणाची गती सर्वत्र सारखी नसे. ध्वनी आल्यानंतर सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण स्थिर झाले. १८ चौकटींच्या गतीने चित्रित केलेले दृश्य २४ च्या गतीने दाखवले, तर ते एक तृतीयांशाने अधिक वेगवान होते. मूकपटातील माणसे म्हणजे झटके देत पळणाऱ्या बाहुल्या, असा जो समज अनेक पिढ्यांत रुजला, त्याचे बरेचसे श्रेय अशा प्रदर्शनाला द्यावे लागेल. तथापि सगळे काही ‘नैसर्गिक’ चालीवर आणले म्हणजे मूळ पाठ हाती आला, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. विनोदी चित्रपटांचे कर्ते अनेकदा कॅमेरा मुद्दाम सावकाश फिरवत, जेणेकरून पडद्यावर पाठलागाला वेग यावा. म्हणजे काही वेग हा प्रक्षेपकाचा दोष असतो, तर काही वेग हा कर्त्याचा हेतू असतो. दोहोंतील भेद ओळखणे हे पाठचिकित्सेचे काम आहे. ते निव्वळ यंत्रावर सोपवता येत नाही.

शिवाय ‘मूळ’ म्हणजे काय, हाही प्रश्न उरतोच. त्या काळी पुष्कळदा दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून एकाच दृश्याच्या दोन निगेटिव्ह घेतल्या जात. एक स्वदेशातील प्रतींसाठी आणि दुसरी परदेशी पाठवण्यासाठी असे. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या दोन प्रतींत कोन निराळे, क्वचित घेतलेले चित्रणही निराळे आढळते. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’चे असे दोन पाठ २०१० मध्ये एकत्र प्रकाशित झाले. ‘द ब्लॅकस्मिथ’ (१९२२) या लघुपटाचा एक वेगळाच पाठ फर्नांदो पेन्या या अर्जेंटिनी अभ्यासकाच्या हाती लागला आणि २०१३ मध्ये तो उजेडात आला. त्यात इतर प्रतींत नसलेली काही मिनिटांची दृश्ये होती. महाभारताच्या उत्तर आणि दक्षिण परंपरांची ज्याला ओळख आहे, त्याला यात नवल वाटू नये. नवल वाटावे ते याचे, की एवढे उघड पाठभेद असतानाही चित्रपटसमीक्षा अजून एकाच काल्पनिक ‘मूळ’ कृतीविषयी बोलत राहते.

हे पाठ टिकले ते प्रामुख्याने संग्राहकांमुळे. कीटनच्या बेव्हर्ली हिल्समधील जुन्या घरात पुढे जेम्स मेसन हा अभिनेता राहू लागला आणि तेथे त्याला कीटनच्या चित्रपटांच्या नायट्रेट प्रती सापडल्या. ही घटना सर्वश्रुत आहे. फ्रान्समध्ये १९२२ मध्ये ९.५ मिलिमीटरची आणि अमेरिकेत १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फिल्म घरगुती वापरासाठी आली. तिच्यावरील अनेक चित्रपट हौशी मंडळींच्या कपाटांत सुरक्षित राहिले. परंतु या घरगुती प्रती पुष्कळदा संक्षिप्त असत, हे विसरून चालणार नाही. ‘द जनरल’चे उदाहरण पुरेसे बोलके आहे. पूर्वार्धात नायक आपल्या चोरीला गेलेल्या इंजिनाचा पाठलाग करीत उत्तरेकडे जातो. उत्तरार्धात तो त्याच रुळांवरून परत येतो आणि या वेळी शत्रू त्याच्या मागे असतो. जाताना घडलेले प्रत्येक विघ्न येताना उलट रूपाने समोर येते. पूर्वार्धातील एखादा प्रसंग ‘लांबण’ म्हणून गाळला, की उत्तरार्धातील त्याचे उत्तर अनाथ होते. प्रेक्षक तरीही हसतो, परंतु अशा वेळी तो केवळ धडपडीला हसत असतो, आणि रचनेला मिळायला हवी ती दाद कर्त्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून संग्राहकाचे ऋण मान्य करावे, परंतु त्याच्या प्रतीवरील ओरखड्यांना प्राचीनतेचे तेज मानण्याचा मोह टाळावा. जुनी पोथी केवळ जुनी असल्यामुळे प्रमाण ठरत नाही.

हा सारा ऊहापोह परदेशी चित्रपटांपुरता असता, तर भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्याचे प्रयोजन नव्हते. भारतात सुमारे १३०० मूकपट निर्माण झाले, असे सामान्यतः मानले जाते. त्यांपैकी पूर्ण वा त्रुटित स्वरूपात उरलेल्यांची संख्या तीसच्या आसपास आहे. साहस आणि कसरत यांच्यावर उभा असलेला, ललिता पवार यांची भूमिका असलेला ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा या थोड्यांपैकी एक. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर बहुतेक स्टंटपट नष्ट झाले होते. पुढे २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत आणखी कितीतरी रिळे गेली. कीटनच्या बाबतीत पाठांची तुलना करता येते, कारण प्रती अनेक आहेत. भारतीय मूकपटाच्या बाबतीत बहुधा एकच प्रत उरलेली असते. ज्या ग्रंथाची एकच पोथी शिल्लक आहे, तिच्या प्रत्येक पानाची नोंद संपादक किती दक्षतेने करतो, हे येथील वाचकांना निराळे सांगावयास नको. तीच दक्षता एकुलत्या एका रिळाच्या वाट्याला का येऊ नये?

अपेक्षा फार मोठी नाही. जुन्या चित्रपटावर प्रबंध वा लेख लिहिणाऱ्याने आपण पाहिलेली प्रत कोणत्या संग्रहातील होती, तिची लांबी किती होती, ती कोणत्या गतीने दाखवली गेली आणि तीत काय त्रुटित होते, एवढे नमूद करावे. विद्यापीठांतील मार्गदर्शकांनी ही नोंद मागावी. ज्या विद्याशाखेने पोथ्यांतील काना-मात्रांचे पाठभेद टिपण्यात आयुष्ये वेचली, तिला हे काम नवीन नाही. ते तिने हाती न घेतल्यास पुढील पिढीतील अभ्यासक कापलेल्या चौकटींवर आणि चुकलेल्या गतींवर सिद्धांत रचतील. कीटनच्या विनोदाचे मर्म वेळ नेमकी साधण्यात होते. त्याचा अभ्यास मात्र चुकलेल्या वेळेवर आधारलेला राहील.