राजगडाचा वारसा आपलाही आहे

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांमध्येही राजगड आहे. नसरापूरहून मार्गासनीमार्गे गडाकडे जाणाऱ्यांत मुस्लिम कुटुंबंही असतात. पण हे प्रतीक नेमकं कुणाचं, हा प्रश्न अधूनमधून उकरून काढला जातोच. त्याचं उत्तर इंग्रजी राजवटीच्या काळात सापडतं.

१८९६ साली टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवउत्सव सुरू झाला. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या शेतकऱ्यालाही शिवाजी महाराज ठाऊक होते. राजकीय सभेवर सरकारची नजर असायची, उत्सव बंद करणं मात्र अवघड होतं. त्याची ताकद सरकारने ओळखली होती. १८९७ च्या उत्सवानंतर ‘केसरी’त आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

याला दुसरी बाजूही आहे. त्याआधी पुण्यात मोहरमच्या ताबुतांत हिंदू मोठ्या संख्येने सामील व्हायचे. १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर आणि सार्वजनिक गणेशोत्सव वाढल्यावर ही साथ तुटत गेली. एकाच उत्सवाने काहींना जवळ आणलं, काहींना दूर केलं. पुढे १९०६ मध्ये टिळकांनाच लिहावं लागलं की शिवउत्सव मुसलमानांना दुखावण्यासाठी नाही, महाराजांचा लढा अन्यायाविरुद्ध होता.

सगळ्यांना सामावणारी प्रतीकंही याच लढ्यात घडली. ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा मौलाना हसरत मोहानींनी दिली. ‘सायमन गो बॅक’ मुंबईच्या युसूफ मेहेरअलींची. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, तिरंगा हाती घेणाऱ्यांना शिक्षा झाल्या. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन एकत्र फासावर गेले.

म्हणजे प्रतीक आपोआप जोडत नाही आणि तोडतही नाही. त्याची गोष्ट कोण सांगतं, कुणाला वगळून सांगतं, यावर सगळं ठरतं. महाराजांच्या आरमारात दौलतखान होते, फारसी पत्रव्यवहारासाठी काझी हैदर होते. ही नावं आपणच मुलांना सांगितली नाहीत, तर दुसरं कोण सांगणार? राजगडावर जायचं ते निष्ठेचा पुरावा द्यायला नव्हे. आपल्याच घराचा इतिहास बघायला जायचं.